आईच्या डब्यातलं तूप

नानकटाईचा वास आला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या मुठी वळतात. पासष्टी कधीच ओलांडली, गुडघे कुरकुरतात, आठवण दगा देते, पण हा राग मेला काही म्हातारा होत नाही. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर मी जळगावच्या बाजारात जाते आणि त्या दुकानासमोर उभी राहते. आता तिथे काचेचं दार आहे, आत गार हवा आहे, एकसारखी टोपी घातलेली पोरं आहेत. पण भिंतीवर घड्याळ तेच आहे. पांढऱ्या तबकडीचं, परातीएवढं. त्या घड्याळावरूनच आम्ही सगळे तिला घड्याळवाली बेकरी म्हणायचो. खरं नाव पाटीवर होतं, पण ते कुणी घेतलं नाही, मीही घेणार नाही.

तेव्हा सत्तर साल उजाडायचं होतं. साखर रेशनवर मिळायची आणि दिवाळीच्या आधी महिनाभर घरोघरी वाटी वाटी साठवली जायची. जिनांमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरण्यांत, कापूस यायला लागलेला असायचा, बैलगाड्यांची रांग लागायची, आणि सगळ्या गावावर सरकीचा तेलकट, उबट वास तरंगायचा. त्या वासात संध्याकाळी भाजलेल्या मैद्याचा आणि वेलदोड्याचा वास मिसळला की समजायचं, भट्ट्या पेटल्या, दिवाळी आली. नानकटाई तेव्हा कुणी विकत आणत नसे. विकतची आणणारी बाई आळशी, असा सरळ हिशोब. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, सगळं घरचं घेऊन बेकरीत जायचं आणि भाजून आणायचं.

जुन्या गावातल्या छोट्या बेकऱ्यांत बाया भट्टीपाशीच बसायच्या. ज्याचं त्याचं पीठ, ज्याचं त्याचं तूप. कारागिरानं तूप परातीत ओतेपर्यंत बाईनं पापणीसुद्धा हलवायची नाही, असा रिवाजच होता. तोंडानं सासूची गाऱ्हाणी चालायची, डोळे मात्र डब्यावर. पोरीबाळी घामानं निथळायच्या, धुरानं डोळे चुरचुरायचे, कुणाचं तरी तान्हं रडत असायचं. मग पत्रे बाहेर यायचे, आणि फुटलेली एखादी गरम नानकटाई कारागीर आमच्या हातावर ठेवायचा. ती जीभ भाजत खायची. तशी चव पुन्हा कुठे मिळाली नाही.

घड्याळवाल्या बेकरीचा तोरा वेगळा. तिची तीन दुकानं होती, एक जळगावात, एक चाळीसगावात, एक धुळ्यात, आणि तिन्हीकडे तसंच घड्याळ. भट्टी मोठी एकच, जळगावची. इथे भाजलेला माल एसटीच्या टपावरून धुळ्याला जायचा. इथे बाईमाणसानं आत यायचं नाही. बाकावर बसायचं, डबे द्यायचे, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी यायचं. नानकटाई मात्र अशी एकसारखी गोल, वर मधोमध एकेक चारोळी, की ताटात मांडली तर पाहुण्यानं विचारलंच पाहिजे, "घड्याळवाल्याची वाटतं?" गल्ल्यावर नाना बसायचे. पांढरी टोपी, पानानं रंगलेले ओठ आणि जिभेवर सदा खडीसाखर. "या ताई, बसा ताई, तुमचंच दुकान." असं गोड बोलायचे की बाया धन्य होऊन घरी जायच्या.

आई भडगावकडची. गिरणेच्या काठचं माहेर, घरी म्हशी, आणि बोली अहिराणी. लग्न होऊन जळगावात आली तेव्हा आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, सांगितलं होतं म्हणे, की ही हापिसातल्या लोकांची चाळ आहे, इथे 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' चालायचं नाही. तिनं ऐकलं. चारचौघांत ती अगदी जपून, शब्दाला शब्द लावून शहरी मराठी बोलायची. पण तुपाच्या बाबतीत तिनं शहराचं काही घेतलं नाही. तूप मामाकडूनच यायचं. लोणी आलं की ती ते स्वतः कढवायची, उतरवताना त्यात विड्याचं पान टाकायची. पान तडतडलं की आम्ही बहिणी अभ्यास सोडून चुलीपाशी. तळाची बेरी आणि साखर, त्यावर आमच्या मारामाऱ्या. चाळीतल्या बाया म्हणायच्या, तूप असावं तर भडगाववालीचं. आईला शाळा नव्हती, दागिने नव्हते, माणसांत बोलायची भीती होती. तिच्याजवळ मिरवायला एवढंच होतं.

माझी मोठी बहीण, अक्का, तिला बघायला धुळ्याचे पाहुणे येणार होते. अक्कानंच हट्ट धरला, नानकटाई घड्याळवाल्याकडचीच हवी. धुळ्यातही तेच दुकान, पाहुणे ओळखतील, आपली शोभा होईल. आई नाखूश होती. "डोळ्याआड तूप द्यायचं म्हणजे..." असं काहीतरी पुटपुटली. पण लेकीच्या हौसेपुढे आईचं काय चालतं! आम्ही डबा दिला, बिल्ला घेतला, दुसऱ्या दिवशी घडवल्यासारखी नानकटाई घरी आणली. ती पाहुण्यांसाठी, म्हणून कुणी चाखलीसुद्धा नाही.

पाहुण्यांत मुलाची मावशी होती. जाड काठाचं लुगडं, बारीक डोळे. आईनं ताटली पुढे केली आणि मोठ्या हौसेनं म्हणाली, "घरच्या तुपाची आहे. माझ्या माहेरच्या म्हशींचं." मावशीनं तुकडा मोडला, तोंडात ठेवला, जीभ टाळूला लावून बघितली आणि भर बैठकीत म्हणाली, "घरचं? अहो, ही तर वनस्पती तुपाची आहे. टाळूला चिकटतेय." आबांनी खाली बघितलं. आईनं एक नानकटाई उचलून तोंडात टाकली आणि तिचा चेहरा असा उतरला, असा उतरला की मला अजून डोळे मिटले की तो दिसतो. वनस्पतीच होती. पाहुणे चहा पिऊन गेले आणि नंतर निरोपच आला नाही.

दुसऱ्या दिवशी आई माझा हात धरून तडक बेकरीत गेली. बाकावर बायांची गर्दी होती, आमच्या शेजारच्या शांताभाभीही होत्या. त्या मारवाडी, त्यांचं किराणा दुकान होतं आणि जीभ चाकूसारखी होती. आईनं डबा गल्ल्यावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "नाना, हे आमचं तूप नाही." नाना हसले. त्यांनी एक नानकटाई उचलली, फिरवून बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "ताई, डब्यात जे होतं, तेच भट्टीत गेलं. आता खेड्यातले लोक तुपात काय काय मिसळतात, ते तुम्हाला नसेल ठाऊक. माहेरचं आहे म्हणून आंधळा विश्वास ठेवायचा नसतो."

माहेर काढलं! आईचं सगळं जपून ठेवलेलं मराठी एका क्षणात गळून पडलं. "मन्हा घरनं तूप शे ते! बठ्ठं घरनं शे!" ती ओरडली. आणि बाकावरच्या बाया हसल्या. तुपाला नाही हसल्या, बोलीला हसल्या. शांताभाभी तर पदर तोंडाला लावून खांदे हलवत होत्या. नाना म्हणाले, "शांत व्हा ताई, पाणी प्या." आणि पुढच्या बाईचा डबा घेतला. परत येताना माझा हात तिनं इतका घट्ट धरला होता की बांगडीचा वळ उठला.

चाळीत तिचं नाव पडलं, वनस्पतीबाई. नळावर, जिन्यात, हळदीकुंकवाला. "या वनस्पतीबाई, बसा!" आणि वर, "गंमत हो, राग मानू नका." गंमत म्हणे! आईनं पाहुण्यापुढे काही ठेवायचं सोडून दिलं. कुणी आलं तर नुसता चहा. तूप कढवायची, पण दार लावून. आबा म्हणायचे, "जाऊ दे ना, कशाला जिवाला लावून घेतेस?" पुरुषांचं बरं असतं, त्यांचं सगळं जातं. मी शाळेत जाताना रोज त्या बेकरीच्या पायरीवर थुंकायचे. देवाला सांगायचे की ते घड्याळ नानांच्या टाळक्यात पडू दे. देव कुठला ऐकतोय! घड्याळ ठणठणीत चालायचं, आणि दुकानाबाहेर एक नवी पाटी लागली होती, 'शुद्ध तुपाची स्पेशल नानकटाई'. व्यापारी पेठेत तिचे डबेच्या डबे जायचे. ते शुद्ध तूप येतं कुठून, हे आईनं ती पाटी बघताक्षणी ओळखलं होतं. बोलली मात्र कुणाशीच नाही.

पाडवा आला. गुढी उभारली, आईनं कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, हिंग, जिरं वाटून आमच्या हातावर गोळ्या ठेवल्या. मी तोंड वेडंवाकडं केलं, आणखी गूळ मागितला. आई बोट चाटत होती. चाटता चाटता थांबली. "किती बी गूळ घाला," ती म्हणाली, "कडू ते कडूच राहतं." आणि अंगणातल्या निंबाकडे बघत बसली. त्या निंबाखाली आम्ही उन्हाळाभर खाटा टाकून झोपायचो, पहाटे अंगावर बारीक फुलं पडलेली असायची. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली, माहेरी झोके झाले, गाणी झाली. मग अक्काचं लग्न झालं. धुळ्यालाच, पण दुसऱ्या घरी, चांगल्या माणसांत. पाऊस झाला, केळीच्या वॅगनी भरल्या, पुन्हा सरकीचा वास सुटला.

दिवाळीला अक्का आणि जावई दिवाळसणाला येणार होते. मामानं लोणी भरपूर पाठवलं. एका दुपारी आईनं दार लावून घेतलं आणि मला पाला तोडायला पाठवलं. मी ओटीभर कडुनिंब आणला. तिनं तो कढत्या लोण्यात टाकला, मूठ मूठ, काळा पडेपर्यंत. मी डोळे फाडून बघत होते. मग वर विड्याची पानं टाकली, नेहमीपेक्षा जास्त, वासासाठी. गाळलं, निववलं. म्हशीचं तूप तसंही जरा हिरवट झाकेचंच असतं. वरून काय सुरेख रवाळ दिसत होतं! मी बोट बुडवून चाटलं आणि मोरीकडे धावले. चूळ भरून भरून तोंड दुखलं, कडवटपणा हलेना.

"आई, आणि त्यानं या खेपेला आपलंच तूप वापरलं तर?" मी विचारलं. "जावयाच्या पुढ्यात कडू नानकटाई?"

"मग मी खोटी," आई म्हणाली. "मग सगळ्यांच्या पुढे हात जोडीन आणि म्हणेन, वनस्पतीबाई खरीच." लेकीचा पहिला दिवाळसण तिनं पणाला लावला होता. तो भरलेला डबा घेऊन आम्ही बेकरीत गेलो तेव्हा नाना म्हणाले, "या ताई! राग गेला वाटतं?" आईनं शहरी मराठीत, अगदी मऊ आवाजात सांगितलं, "नाना, जावई येणार आहेत. तूप जरा जास्तच आणलंय, नीट वापरा." नानांनी झाकण उघडून वास घेतला. विड्याच्या पानाचा वास. त्यांचे डोळे कसे चमकले ते मी बघितलं.

ती रात्र आम्ही दोघींनी कशी काढली, आमचं आम्हाला माहीत. दुसऱ्या दिवशी डबा घरी आणला. दार लावलं. आईनं देवापुढे बसून एक नानकटाई मोडली. तोंडात ठेवायला तिला धीर होईना. मग डोळे मिटून टाकली, चावली, आणि तिचा चेहरा उजळला. "गोड शे, पोरी," ती म्हणाली. "बठ्ठी गोड शे!" आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. मीही खाल्ली. टाळूला चिकटणारी, वनस्पतीची, गोड नानकटाई. आपलं तूप चोरीला गेलं म्हणून इतकं आनंदानं रडलेलं माणूस मी तरी दुसरं बघितलेलं नाही.

मग सुरू झाली मजा. व्यापारी पेठेत लक्ष्मीपूजनाला वाटलेली स्पेशल नानकटाई कडूजहर! पूजेचा प्रसाद तोंडात टाकून शेठ लोक थुंकत सुटले. मुहूर्तालाच तोंड कडू झालं, वर्ष वाईट जाणार म्हणून एकेकानं नानांचे डबे गल्ल्यावर नेऊन आपटले. अक्का आणि जावई आले ते हीच बातमी घेऊन. "आई, धुळ्याच्या दुकानापुढे काय गर्दी! सासूबाईंनी आणलेली स्पेशल आम्ही गाईला घातली, तर गाईनंसुद्धा तोंड फिरवलं." आई फराळाचं ताट वाढत होती. "असं का बाई?" ती म्हणाली आणि जावयाच्या ताटात आणखी एक चकली ठेवली. त्या बारीक डोळ्यांच्या मावशीनंही धुळ्यातून तीच स्पेशल नेली असणार, अशी माझी खात्री आहे. नसेल नेली तर देवानं तिच्याकडे निदान एक तुकडा तरी पाठवला असावा.

भाऊबीजेला सकाळी नाना स्वतः आमच्या चाळीत आले. टोपी तिरकी, पान नाही, ओठ पांढरेफटक. ओट्यावर सगळे होते, आबा, जावई, आणि दारात कोथिंबीर निवडत बसलेल्या शांताभाभी. नाना आईला म्हणाले, "ताई, खरं सांगा, तुमच्या तुपात काय होतं?"

आई आतून आली. पदर खोचलेला, हातात नानकटाईची ताटली. आणि तिनं शहरी मराठीकडे ढुंकूनही बघितलं नाही. भर चाळीत, मोठ्यानं, आपल्या बोलीत बोलली. "नाना, तुम्हीच सांगं व्हतं ना? डबामा जे व्हतं तेच भट्टीमा गयं. मंग मन्ही नानकटाई गोड कशी?"

नानांची गत झाली, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! तूप कडू होतं म्हणावं, तर ते तुमच्या स्पेशलमध्ये कसं शिरलं? नव्हतं म्हणावं, तर इथे आलात कशाला? चाळीला समजायला क्षणभर लागला. मग शांताभाभी फिस्सकन हसल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. अगदी तशाच, जशा बेकरीत हसल्या होत्या. त्यांना कोण पडलं याच्याशी मतलब, म्हणून मी त्यांनाही अजून माफ केलेलं नाही.

"ल्या नाना," आईनं ताटली पुढे केली, "तोंड गोड करा." आणि ती तशीच उभी राहिली. नानांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळी चाळ बघत होती. त्यांनी एक नानकटाई उचलली आणि खाल्ली. स्वतःच्याच वनस्पतीची. घास घशाखाली उतरेपर्यंत आई हलली नाही.

वनस्पतीबाई हे नाव त्या दिवसापासून गेलं. चुकलं म्हणायला मात्र एकही बाई आली नाही. नानांनीही माफी मागितली नाही. दुकान दोन महिने मंद चाललं, मग पुन्हा गर्दी झाली. लोकांची जीभ फार विसराळू असते. आई मरेपर्यंत नंतर कुणाशीच शहरी मराठी बोलली नाही, कलेक्टर कचेरीतल्या साहेबाशीसुद्धा नाही. ती गेली, चाळ पडली, निंब रस्त्यात गेला.

पण मी आहे ना! या वर्षीही गेले. काचेचं दार ढकललं. आत दिवाळीची झुंबड, आणि घड्याळाखाली नानांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला, तीच टोपी, तेच हसू. गल्ल्यावर त्यांचा नातू. त्यानं ओळखलं आणि त्याच्या कपाळावर आठी आली. टोपीवाल्या पोरानं माझ्यापुढे ताटली धरली, "आजी, टेस्ट करून बघा, शुद्ध तुपाची." मी नानकटाई उचलली, उलटीपालटी केली आणि सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कडू तर नाही ना रे बाबा?"

दरवर्षी हेच विचारते. आणि दरवर्षी डब्यांकडे गेलेले हात थबकतात. एका बाईनं घेतलेला डबा परत ठेवला, दुसरीनं झाकण उघडून वास घेतला. नातू गल्ल्यावरून उठून आला. हात जोडून, दबक्या आवाजात म्हणाला, "आजी, दरवर्षी येता, घेत काही नाही, आणि भर गर्दीत हेच विचारता. आमचं असं काय चुकलंय?"

मी नानकटाई न खाता ताटलीत परत ठेवली. घड्याळाखालच्या फोटोकडे बोट केलं.

"तुन्हा आजाले इचार," मी म्हणाले.